एकदाच विचारणाऱ्यांच्या गावात

पुण्याच्या माणसाला अस्वल खात नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण सात उन्हाळे मी पुण्याची माणसं अस्वलांच्या मुलखात घेऊन गेलो आणि जेवढी नेली तेवढी परत आणली. एकदा तर एक बाई जास्तच आली होती. पण ती दुसऱ्या कंपनीची निघाली, विमानतळावर ज्याची त्याला देऊन टाकली.

माझा धंदा टूर मॅनेजरचा. नारायण पेठेत एका जिन्याखाली आमच्या मालकांचं ऑफिस होतं. इतकं लहान, की गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की टेबलावरचा पृथ्वीचा गोल बाहेर फुटपाथवर ठेवावा लागे. तिथून आम्ही सगळं जग विकलं. लोकांना वाटतं, काय मजा आहे याची, फुकटात फिरतोय! अहो, कसलं फिरणं? टूर मॅनेजर जगातली प्रत्येक सुंदर जागा पाठीनं बघतो. सगळे धबधब्याकडे तोंड करून उभे, आणि मी त्यांच्याकडे तोंड करून डोकी मोजतोय. नायगारा मी अकरा वेळा पाहिलाय, पण अजून सांगता येणार नाही की तो दिसतो कसा. भिजवतो कसा, ते विचारा.

आता लोकांचं युरोप करून झालं, अमेरिका करून झाली. तेव्हा मालकांनी कॅनडाच्या पार वायव्य टोकाचा युकॉन नावाचा प्रांत शोधून काढला. जंगल, एक शहर आणि तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावात दोन दिवस मुक्काम, अशी बारा दिवसांची सहल. ऑगस्टमध्ये. म्हणजे आपला श्रावण. मालक पंचांग बघून मुलीचं लग्न ठरवतील, पण सहल ठरवताना बघणार नाहीत.

शहराचं नाव व्हाइटहॉर्स. आमची बस मुख्य रस्त्याच्या या टोकाला शिरली आणि ड्रायव्हरला शिंक येऊन जाईपर्यंत त्या टोकाला बाहेर पडली. मागून आवाज आला, ‘‘मुकुंदराव, शहर कधी येणार?’’

‘‘आत्ता गेलं ते.’’

‘‘अरे! मग बिबवेवाडी काय वाईट होती?’’

पण दुसऱ्या दिवशी याच मंडळींना शहरातून हलवता हलवेना. तिथं नदीवर धरण आहे, आणि समुद्राकडून उलटे पोहत येणाऱ्या माशांना धरण ओलांडता यावं म्हणून बाजूला चक्क लाकडी जिना बांधलाय. पाण्यानं भरलेला. मासे एकेक पायरी चढतात आणि काचेतून ते आपल्याला दिसतात. आमचे पंचवीस शाकाहारी आणि एक चोरून खाणारे, सगळे काचेला नाक लावून, ‘‘चढ रे बाळा, चढ, आलंच आता!’’ म्हणून त्या माशांना धीर देत होते. एका माशानं वळून बघितलं. खोटं वाटत असेल तर वाटू दे.

जंगलात शिरण्याआधी तिथल्या वनरक्षकानं सांगितलं, की चालताना आवाज करत चला, म्हणजे अस्वल आधीच बाजूला होतं. ‘आवाज करा’ असं परवानगी देऊन आमच्या लोकांना आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या गटानं पाच आरत्या आणि मंत्रपुष्पांजली म्हटली, टाळ्यांसकट, चढावर. परत आल्यावर वनरक्षक मला बाजूला घेऊन म्हणाला, त्या खोऱ्यात बरीच वर्षं ठाण मांडून बसलेलं एक अस्वल आज सकाळी शेजारच्या प्रांताच्या दिशेनं जाताना दिसलं. सामानासकट, असं मी घरी सांगतो.

श्रावणी सोमवारची गोष्ट तर निराळीच. उपास सूर्यास्ताला सोडायचा. आणि तिथला सूर्य त्या दिवसांत दहा वाजेपर्यंत मावळायचं नाव घेत नाही. हॉटेलच्या अंगणात आमच्या सोळा बायका खुर्च्या टाकून सूर्याकडे अशा बघत होत्या, की दुसरा कुणी असता तर शरमेनं गेला असता. सहा वाजता मी पुढे झालो आणि म्हणालो, ‘‘ताई, पुण्यात आत्ता मंगळवारची सकाळ उजाडलीय. दूधवाला येऊन गेला. सोमवार कधीच संपला, जेवायला चला.’’ मग सोळा खुर्च्या एकदम सरकल्या. या धंद्यात घड्याळ आणि धर्म दोन्ही जवळ ठेवावे लागतात.

हे सगळं झालं हसण्यावारी. आता माझी चूक सांगतो.

शहरापासून दोन तासांवर, नदीकाठी, त्या मूळ रहिवाशांचं एक छोटं गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तुम्ही जाल. तिथल्या एका घरानं पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधल्यात. कारभार बघते टीना, तिशीची, हसरी. आणि टीना ज्यांच्या तालावर चालते त्या तिच्या आजी, एल्सी. वय विचारलं तर नदीकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘तिच्यापेक्षा लहान आहे.’’

निघायच्या आदल्या दिवशी टीनानं मला फोनवर एक गोष्ट बजावून सांगितली होती. ‘‘आमच्याकडे एखादी गोष्ट एकदाच विचारतात. समोरचा नाही म्हणाला तर नाही. पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दाला किंमत नाही म्हटल्यासारखं. तुमच्या लोकांना सांगून ठेवा.’’

मी हो म्हणालो. बसमध्ये माईक हातात घेतला आणि डासांवर सुरुवात केली. तिकडचा डास म्हणजे काय सांगू, आपला डास त्याला काका म्हणेल. लोक इतके हसले की मी पुढे अस्वलावर गेलो, तिथून कमोडवर आलो, टाळ्या मिळाल्या. आणि टीनाचा निरोप माझ्या खिशातच राहिला. विसरलो असं म्हणायची सोय नाही. आठवला होता. पण एवढं रंगलेलं भाषण कोण आवरतं घेतो?

संध्याकाळी चार वाजता पोचलो. एल्सींनी स्वतः तळलेले पावाचे गोळे आणले. आपल्या भटुऱ्याचे थोरले भाऊ, बाहेरून खरपूस, आत मऊ. सोबत जांभळ्या रंगाचा फळांचा मुरंबा. त्या परात घेऊन पहिल्या बाकापाशी आल्या. ‘‘घेणार?’’

‘‘नको, नको!’’ पहिलं बाक म्हणालं. अर्थात हसून. अर्थात परातीवर डोळे ठेवून.

‘‘छे छे, राहू दे, आत्ताच झालंय आमचं,’’ दुसरं बाक. सकाळी साडेसातनंतर कुणाचं काही झालेलं नव्हतं.

सव्वीस माणसं मान हलवून, हात हलवून, कंबरेत वाकून नको म्हणाली. एल्सींनी मान डोलावली, परात उचलली आणि आत नेली. दार बंद झालं.

सव्वीस जणांचे डोळे त्या दारावर खिळले. शेवटी कसबा पेठेतले श्रीकांतराव हळूच म्हणाले, ‘‘मुकुंदराव, दुसऱ्यांदा कधी येतात?’’

तेव्हा मी टीनाचा निरोप खिशातून काढला. मला जे शब्द ऐकावे लागले ते दिवाळी अंकात छापता येणार नाहीत. टीना हसून हसून वाकली आणि परात पुन्हा घेऊन आली. या वेळी गोळे दीड मिनिटात संपले. मला वाटलं, चला, एका परातीवर भागलं.

भागलं नव्हतं.

श्रीकांतरावांच्या पत्नी कुमुदताई. सत्तरीच्या आतबाहेर. कसबा पेठेत त्यांचं नाव निघतं ते आग्रहासाठी. त्यांच्या पंगतीला बसलेला माणूस उठताना भिंत धरून उठतो. दोन जिलब्या नको म्हटल्यावर चार वाढतात, चार नको म्हटलं की स्वतःच्या गळ्याची शपथ घालतात. स्वतः मात्र शेवटी बसतात आणि उरेल ते खातात. सहलीतही तेच. खोली कोणती हवी? ‘‘कुठलीही चालेल.’’ चहा की कॉफी? ‘‘जे केलं असेल ते.’’ टूर मॅनेजरला असे प्रवासी देवासारखे वाटतात. मलाही वाटल्या. इतक्या दिवसांत त्या एकदाही ‘मला हवंय’ म्हणाल्या नाहीत हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंडळी मणीकाम शिकत होती, नदीचे फोटो काढत होती. कुमुदताई एल्सींच्या अंगणात गेल्या. एल्सी डोंगरावरून आणलेली निळीजांभळी फळं निवडत होत्या, एकेक पान, एकेक काडी वेचून. कुमुदताईंनी थोडा वेळ बघितलं. मग बाजूचं एक पसरट झाकण उचललं, त्यात दोन ओंजळी फळं घेतली आणि सुपात धान्य पाखडावं तशी पाखडली. फळं जागच्या जागी, पानंकाड्या उडून पायाशी. एल्सींचा हात थांबला. त्यांनी आपलं भांडं कुमुदताईंच्या पुढे सरकवलं. दोघी तासभर बसल्या. एकीचं इंग्रजी वीस शब्दांचं, दुसरीला मुळात बोलायची घाई नाही. मी दोनदा दुभाषा म्हणून गेलो, दोन्ही वेळा कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा एल्सी बोलत होत्या. ‘‘उद्या सकाळी सातला मी डोंगरावर जातेय. एक जागा आहे. येतेस?’’

मी भाषांतर करायच्या आत कुमुदताई उत्तरल्या. एवढं इंग्रजी त्यांना येत होतं. दोन्ही हात हलवत, गोड हसत, ‘‘नो, नो, नो! थँक यू! नो!’’

एल्सींनी मान डोलावली आणि भांडं उचलून आत गेल्या.

दारात उभी असलेली टीना माझ्याकडे वळली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘‘ती जागा आमच्या घरच्या बायकांची आहे. आजीच्या आजीपासून. माझ्या नवऱ्याला ती अजून माहीत नाही. आजीनं बाहेरच्या कुणाला कधी विचारलेलं मी पाहिलं नाही.’’

मी कुमुदताईंना सांगितलं. त्या खोलीच्या पायरीवर मटकन बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

‘‘ताई, जायचं होतं तर नाही कशाला म्हणालात?’’

‘‘अहो, पहिल्यांदाच हो कसं म्हणायचं? हावरटासारखं? त्यांना त्रास नको म्हणून म्हटलं. मला वाटलं, अजून एकदा म्हणतील.’’

‘‘काल परातीचं बघितलंत ना?’’

‘‘ते खाण्याचं होतं. मला काय माहीत, हेही तसंच असतं!’’

मग जरा वेळानं, पदराशी चाळा करत, त्या सांगू लागल्या. माहेर भोरच्या पलीकडे, डोंगरात. उन्हाळ्यात आईबरोबर करवंदांच्या जाळीत जायच्या. हात ओरबाडायचे, ओठ काळे व्हायचे. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कसबा पेठेत आल्या. ‘‘तेव्हापासून करवंदं टोपलीतून येतात, मुकुंदराव. विकायला. त्यानंतर जाळीत मी एकदाही गेले नाही. कुणी विचारलंच नाही. आणि आता विचारलं, तर मी...’’

श्रीकांतराव खोलीतून बाहेर आले. माणूस वाईट नाही, पण बायकोच्या वतीनं उत्तर द्यायची सवय अर्ध्या शतकाची. ‘‘अगं, जाऊ दे. तुझे गुडघे कुठे डोंगर चढणार? करवंदं काय, मंडईत मिळतात.’’



चूक माझी होती, तेव्हा मीच निस्तरायला निघालो. तीस वर्षांत मी बंद झालेली विमानाची दारं उघडायला लावलीत, एका हॉटेलच्या मुदपाकखान्यात पिठलं शिजवून घेतलंय. एका म्हाताऱ्या बाईला पटवणं म्हणजे काय? एल्सी मागच्या अंगणात सरपण फोडत होत्या. मी माझं ठेवणीतलं इंग्रजी काढलं. आमची संस्कृती, आमचा आग्रह, पहिल्या नाहीचा अर्थ, दुसऱ्या नाहीचा अर्थ, सगळं समजावलं. ‘‘तिला मनापासून यायचंय. तुम्ही फक्त अजून एकदा विचारा.’’

एल्सींनी कुऱ्हाड खाली ठेवली. ‘‘तिनं मला सांगितलं, नाही. तू सांगतोयस, हो. मी कुणाचं ऐकू?’’

‘‘माझं ऐका. मी तिला ओळखतो.’’

‘‘तिला तोंड आहे,’’ एल्सी म्हणाल्या आणि पुढचा ओंडका उचलला.

बोलण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला एवढ्या कमी शब्दांत कुणी गप्प केलं नव्हतं.

मी परत आलो. ‘‘ताई, त्या पुन्हा विचारणार नाहीत. तुम्हालाच जाऊन मागावं लागेल.’’

‘‘पाहुण्यानं मागायचं? मी मेले तरी नाही मागणार.’’

‘‘मग राहिलं.’’

‘‘राहिलं,’’ त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. थोड्या वेळानं खाली बघतच विचारलं, ‘‘कसं म्हणायचं ते? इंग्रजीत?’’

मी तीन शब्दांचं वाक्य दिलं. आय वॉन्ट टू... तीन तर इथंच झाले, चौथा ‘कम’. त्या ते पुटपुटू लागल्या. बॅग भरताना, केस विंचरताना. ‘प्लीज’ घालू का, ‘सॉरी’ घालू का, ‘इफ नो ट्रबल’ घालू का, असं दर पाच मिनिटांनी विचारत होत्या. मी म्हणालो, ‘‘काही घालू नका. एवढंच.’’ त्यांना ते उघडं उघडं वाटत होतं, पदर न घेता बाहेर पडल्यासारखं.

सकाळी पावणेसातला मी अंगणात आलो. नदीवर धुकं होतं. आमची बस आठला शहराकडे निघायची होती, सामान बाहेर काढून ठेवलेलं. एल्सींचा जुना ट्रक घरघरत उभा होता. त्यांनी मागे दोन बादल्या टाकल्या, तिसरी शेजारच्या सीटवर ठेवली आणि स्टिअरिंगमागे बसल्या. कुमुदताई दहा पावलांवर उभ्या. नऊवारी नाही हो, पंजाबी ड्रेस, त्यावर माकडटोपी आणि श्रीकांतरावांचे बूट. श्रीकांतराव पायात सपाता घालून पायरीवर. मी मध्ये.

एल्सींनी कुमुदताईंकडे बघितलं. विचारलं काहीच नाही. फक्त ट्रक हलवला नाही.

‘‘आय...’’ कुमुदताई म्हणाल्या. आणि पुढचं सगळं गेलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी पुढे व्हायला पाऊल उचललं, माझ्या जिभेवर ते वाक्य तयार होतं, आणि खरं सांगतो, ते पाऊल मागे घेणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं.

‘‘कुमुद, अगं थंडी आहे, ती काय तुला...’’ पायरीवरून आवाज आला.

‘‘मला यायचंय!’’ कुमुदताई ओरडल्या. मराठीत. नदीच्या पलीकडच्या काठावरचे पक्षी उडाले, हे मी वाढवून सांगत नाही. ‘‘मला यायचंय! मला!’’

एल्सींना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी सीटवरची बादली उचलून मागे ठेवली आणि आतून दार उघडलं.

मी बरोबर जायला निघालो, दुभाषा म्हणून. एल्सी म्हणाल्या, ‘‘तुला विचारलेलं नाही.’’

ट्रक गेला. मंडळी नाश्त्याला आली, सगळं कळलं, आणि आता बस आठला सुटणार की नाही यावर वाद सुरू झाला. शहरातलं संग्रहालय बघायचं होतं, खरेदी राहिली होती. ‘‘एका बाईसाठी पंचवीस जणांनी थांबायचं?’’ एक आवाज आला. मी वेळापत्रकाचा कागद सगळ्यांसमोर घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, ‘‘थांबायचं. संग्रहालयात जे मांडून ठेवलंय, ते आत्ता डोंगरावर चालू आहे.’’ आवाज बंद झाला. खरेदीवाल्या दोघी मात्र शेवटपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

श्रीकांतराव त्या चार तासांत पायरीवरून उठले नाहीत. एकदा मला म्हणाले, ‘‘मुकुंदराव, हिला डोंगर आवडतो हे मला माहीत नव्हतं.’’ मग म्हणाले, ‘‘सिंहगड तर समोरच होता.’’

वर काय झालं ते मला माहीत नाही. अस्वलाच्या तोंडातून मी त्यांना सोडवलं, असं एरवी मी बेलाशक सांगितलं असतं. पण या जागी मी नव्हतो, आणि इथं माझी जीभ उचलत नाही.

अकरा वाजता ट्रक आला. कुमुदताई उतरल्या. टोपी गायब, केसांत काटक्या, दोन्ही हातांवर ओरखडे, आणि ओठ, दात, हनुवटी सगळं जांभळं. सत्तरीची बाई नव्हे, शाळा बुडवून आलेली पोर.

‘‘अगं, तुझे गुडघे?’’ श्रीकांतराव धावले.

‘‘आले होते की बरोबर,’’ कुमुदताई म्हणाल्या आणि बादली त्यांच्या हातात दिली.

मी विचारलं, ‘‘ताई, काय काय झालं वर?’’

‘‘भरपूर होती,’’ एवढंच म्हणाल्या.

बसचं इंजिन सुरू झालं. सगळे चढले. एल्सी खिडकीपाशी आल्या, कुमुदताईंनी काच सरकवली. माझं भाषांतर तयार होतं, मी वाकलोही.

‘‘पुढच्या वर्षी,’’ एल्सी म्हणाल्या, ‘‘अजून दोन आठवडे उशिरा, डोंगर लाल झाल्यावर, दुसऱ्या जातीची फळं पिकतात, तेव्हा जर तू...’’

‘‘यस,’’ कुमुदताई म्हणाल्या. वाक्य अजून अर्ध्यावर होतं.